शब्द सुचत नसतील तेव्हा: स्तोत्रांच्या आधारे रोजची प्रार्थना

महिला संघात, गृहसभेनंतरच्या चहाच्या वेळी, एखाद्या सांत्वनाच्या भेटीहून परतताना एक तक्रार हमखास कानावर येते: "आम्हाला प्रार्थना करता येत नाही हो. पाळकसाहेब कसे सलग बोलतात. आमचं दोन वाक्यांत संपतं." असं म्हणणारी माणसं एकही रविवार चुकवत नाहीत, दशांश देतात, उपवासही धरतात. पण घरी एकटं बसलं की घशात शब्द अडकतात, आणि मग हळूहळू बसणंच बंद होतं.

ही अडचण नवी नाही. येशूचे शिष्य लहानपणापासून सभास्थानात वाढलेले होते, तरी "प्रभूजी, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा" असं त्यांना म्हणावं लागलं (लूक ११). येशूने त्यांना आयते शब्द दिले, तीच प्रभूची प्रार्थना. तो स्वतः वधस्तंभावर होता तेव्हा त्याच्या ओठांवर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आली, आणि शेवटचा श्वास सोडताना ३१व्या स्तोत्रातली आत्मा सोपवून देण्याची ओळ आली. म्हणून माझं मत ठाम आहे: रोजची प्रार्थना स्वतःच्या शब्दांनी सुरू करायचा हट्ट सोडावा. स्तोत्रसंहितेचे, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या प्रार्थनागीतांच्या संग्रहाचे शब्द आधी तोंडी घ्यावेत, आपले शब्द त्यांच्या मागून येतात. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

वेळ कामाला बांधा, घड्याळाला नको

दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. ५५व्या स्तोत्रातही संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी देवाला हाक मारल्याचं आलं आहे. तिथवर पोचायचं असेल तर पोचा, पण सुरुवात दिवसातून एकदा आणि दहा मिनिटांनी करा. पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायचे संकल्प आठवड्यात मोडतात आणि मोडल्यावर मनाला अपराधी वाटतं ते वेगळंच.

"सकाळी साडेसहा" असं ठरवू नका. पाणी उशिरा येतं, मुलाचा डबा राहतो, पहिली पाळी असते. त्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला प्रार्थना जोडा. सकाळचा चहा ओतून घेतला की, रात्री जेवणाची भांडी घासून झाली की, दुकानाचं शटर उघडायच्या आधी. रात्रपाळीच्या नर्सला ड्युटीवरून आल्यावर, झोपायच्या आधीची वेळ सोयीची असते. तिची सकाळ तीच. काम झालं की पाय आपोआप त्या खुर्चीकडे वळले पाहिजेत, एवढीच अपेक्षा.

जागेचा फार विचार नको. येशूने खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं ते दिखाव्यापासून वाचण्यासाठी. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर स्वयंपाकाच्या ओट्याजवळचा स्टूलही पुरतो. पवित्र शास्त्र मात्र छापील असावं. मोबाइलवर वचन काढलं की वरून बँकेचा, शाळेचा, भावकीच्या ग्रुपचा मेसेज टपकतो आणि दहातली चार मिनिटं तिथेच जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांची प्रत आणा, त्यांचं वाचन सुटण्याचं कारण बहुतेकदा डोळे हेच असतं.

आजचं स्तोत्र कोणतं?

स्तोत्रं १५० आहेत. ११७वं अवघं दोन वचनांचं, ११९वं तब्बल १७६ वचनांचं. नव्या माणसाने पहिल्यापासून सलग वाचायला घेतलं तर दहाव्या-बाराव्या दिवशी शत्रू, तलवार आणि खड्डे वाचून तो गोंधळतो. अँग्लिकन मंडळीच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकात आर्चबिशप क्रॅन्मरने सगळी स्तोत्रं महिन्याच्या सकाळ-संध्याकाळींत वाटून दिली होती, म्हणजे महिन्याला एक आवर्तन. ती शिस्त सुंदर आहे, पण ज्याला अजून दहा मिनिटं जमत नाहीत त्याला ती पेलणार नाही.

तारखेची रीत सोपी पडते. आजच्या तारखेचं स्तोत्र बघा, मग त्यात तीस-तीस मिळवत जा. तेरा तारीख असेल तर १३, ४३, ७३, १०३ आणि १३३. पाचही स्तोत्रांच्या पहिल्या दोन-तीन ओळींवरून नजर फिरवा आणि आज मन जिथे अडकेल ते एक घ्या. तेरा तारखेचीच पाच पाहा: १३वं देवाने विसरल्याची तक्रार करतं, ४३वं खचलेल्या जिवाला समजावतं, ७३वं दुष्टांचं इतकं बरं कसं चाललंय म्हणून जळफळतं, १०३वं उपकार मोजतं आणि १३३वं भाऊ एकोप्याने राहतात त्याचं कौतुक करतं. एवढ्यात तुमचा आजचा दिवस कुठे ना कुठे बसतोच. एकोणतीस तारखेला ११९वं समोर येईल, ते बाजूला ठेवा आणि एकतीस तारखेला त्यातलं एक आठ वचनांचं कडवं घ्या. त्याची अशी बावीस कडवी आहेत.

कॅथलिक घरांतल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांत बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकाने कमी असतो. आपलं ५१वं तिथे ५०वं. सासर-माहेर वेगवेगळ्या मंडळ्यांतलं असेल आणि दोघांनी एकच क्रमांक काढून भलतंच वाचलं, तर कारण हे.

मोठ्याने आणि दोनदा

ही गाणी आहेत, मनातल्या मनात चाळण्यासाठी ती झालेली नाहीत. एकटे असाल तरी ओठ हलवा, स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतक्या आवाजात वाचा. पहिल्या वाचनात फक्त अर्थ घ्या. दुसऱ्या वाचनात जी ओळ टोचली किंवा जिने धीर दिला तिच्याशी थांबा. मधेच "सेला" ही गाण्यातली जुनी खूण आली की तो शब्द वाचू नका, एक श्वास घ्या आणि पुढे चला.

भाषा जड वाटली तर घाबरू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं पवित्र शास्त्राचं मूळ भाषांतून मराठी करण्यात घालवली, ती साध्या बायकांना कळावं म्हणूनच. देवाशी बोलताना सोप्या मराठीचा संकोच नको, हे त्या विदुषीने स्वतः करून दाखवलं. वाचून झाल्यावर एखादं भजन गुणगुणायचं असेल तर गीतपुस्तक जवळ ठेवा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंगाची चाल, ओवीचा गोडवा आपल्या उपासनेत आणला. ती भजनं आजीलाही येतात आणि नातवालाही.

स्तोत्रात आपला विषय घालणं

सगळ्या मार्गदर्शनातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळते. १३वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत एकच प्रश्न चार वेळा येतो: कोठवर? देवा, मला विसरणार ते कोठवर, तोंड लपवणार ते कोठवर, मी मनात झुरत राहायचं कोठवर, वैऱ्याने माझ्यावर चढून बसायचं कोठवर. पुढची दोन वचनं मागणीची: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांत उजेड आण, नाहीतर मी मेलोच. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गाणं.

आता समजा चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या एकाचं काम सुटलं आहे. घराचा हप्ता थकलाय, मुलाची फी भरायची आहे. तो हे स्तोत्र दोनदा वाचतो आणि त्याच क्रमाने आपल्या भाषेत बोलतो:

"प्रभू, तू मला विसरलास का? इतके अर्ज टाकले, एकाचाही फोन नाही. रात्री एक वाजेपर्यंत तोच हिशोब डोक्यात फिरतो. ज्याने मला काढलं तो मजेत आहे आणि मी बायकोच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही. अजून किती दिवस? माझ्याकडे बघ. मला काम दे. काम मिळेपर्यंत डोकं शांत ठेव, पोरांवर माझा आवाज चढू देऊ नकोस. मागच्या आजारपणात तू आम्हाला बाहेर काढलंस, ते मी विसरलो नाही. तुझ्या दयेवर माझा भरवसा आहे. आमेन."

यात अलंकारिक असं एकही वाक्य नाही, आणि हा माणूस सहज दोन-तीन मिनिटं बोलला. क्रम स्तोत्राचा आणि मजकूर घरचा. तक्रार झाली, मागणी झाली, मागचा उपकार आठवला, भरवसा बोलून दाखवला. उद्या याच क्रमात सासूचं ऑपरेशन येईल, परवा दहावीचा निकाल.

इथे पुष्कळजण अडखळतात ते तक्रारीपाशी. देवापुढे कुरकुर करणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याला लहानपणी कोणीतरी सांगितलेलं असतं. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं एकतृतीयांशाहून अधिक भरतात. ८८वं तर अंधारापाशीच संपतं, त्यात शेवटी आभार नाहीत की गाणं नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. जो देवाशी भांडतो तो अजून देवाशी बोलतो आहे. मूल गेलेल्या आईला "प्रभूची इच्छा, आभार मान" असं तिसऱ्याच दिवशी सांगणाऱ्यांनी आधी ८८वं वाचावं, मगच तिच्या दारी जावं.

पश्चात्तापासाठी ५१वं आणि ३२वं आहेत. रात्रीच्या प्रार्थनेत दिवसातली एकच चूक नावानिशी बोला. "माझ्या सर्व पापांची क्षमा कर" यात काहीच उघडं पडत नाही. "आज भाजीवाल्या मावशींशी पाच रुपयांवरून मी वाईट बोलले" यात पडतं.

शाप देणारी स्तोत्रंही भेटतील, १०९ किंवा १३७चा शेवट. ती वगळून पुढे जाऊ नका, पण लहान मुलांसमोर मोठ्याने वाचूही नका. छळ सोसलेल्या माणसांचा आक्रोश आहे तो. जे आपल्या हाताने करू नये ते त्यांनी देवाच्या हाती टाकलं. कोणावर राग अनावर झाला असेल तेव्हा तोही तसाच देवापुढे ओता आणि तिथेच ठेवून उठा. येशूने वैऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे, आणि पोटातला राग बोलून टाकल्याखेरीज ती प्रामाणिकपणे करता येत नाही असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्यांची नावं

एक साधी वही करा. डावीकडे नाव आणि विषय, उजवीकडे तारीख. रोज सगळी नावं घेऊ नका. घरच्यांची रोज, बाकीच्यांची वार वाटून. बुधवारी आजारी माणसं, गुरुवारी शेजारी, शुक्रवारी ज्यांच्याशी पटत नाही ते. उत्तर आलं की समोर लिहा. "नाही" आलं तरी लिहा.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनेचा विषय टाकण्याआधी त्या माणसाला विचारा. "अमकीच्या मुलीचं लग्न मोडलं, सर्वांनी प्रार्थना करा" ही मध्यस्थी राहत नाही, गावभर बातमी होते. नाव न घेता "एका कुटुंबासाठी" म्हटलं तरी देवाला पत्ता लागतो.

प्रभूच्या प्रार्थनेने शेवट

शेवटी मिनिटभर गप्प बसा आणि मग प्रभूची प्रार्थना म्हणा, घाई न करता. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" या ओळीत वर्षभराचा साठा मागितलेला नाही, आजचं मागितलं आहे. पुढची ओळ दुसऱ्याचं ऋण सोडण्याची आहे. ती म्हणताना एखादा चेहरा डोळ्यांसमोर आला, तर प्रार्थना झाल्यावरचं पहिलं काम तेच. येशूने तर मत्तयाच्या ५व्या अध्यायात सांगितलं की अर्पण वेदीपाशी तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. वाटणीवरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ एकाच चर्चमध्ये एकाच प्याल्याचे वाटेकरी होतात, हे आपल्या मंडळ्यांचं मोठं दुखणं आहे. विश्वास जिवंत आहे की नाही ते उठल्यानंतरच्या अर्ध्या तासात कळतं: फोन लावला का, उसने घेतलेले पैसे परत केले का, कामवाल्या बाईंचा खाडा कापायचा विचार सोडला का.

घरातल्या सगळ्यांना घेऊन

कुटुंब प्रार्थना वेगळी ठेवा आणि छोटी ठेवा. एक भजन, स्तोत्रातली पाच-सहा वचनं, प्रत्येकाचं एक वाक्य, प्रभूची प्रार्थना. वडिलांनी वीस मिनिटं प्रार्थना केली की मुलं डोळे मिटून झोपतात, आणि मोठी झाल्यावर प्रार्थना म्हटलं की त्यांना तोच कंटाळा आठवतो. लहान मूल गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यासाठी प्रार्थना करत असेल तर हसू नका, विषय बदलायला लावू नका. दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याचं काय झालं ते विचारा. प्रार्थनेत जे बोलतो त्याची नंतर चौकशी करायची असते, हे त्यातून त्याला कळेल. प्रार्थनेच्या आडून मुलांना टोमणे मारणं मात्र कटाक्षाने टाळा. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल सुटू दे" हे मुलाने ऐकलं की त्याच्या दृष्टीने ती प्रार्थना उरत नाही.

घरात नवरा किंवा सासरची माणसं दुसऱ्या धर्माची असतील तर वाद न घालता आपली दहा मिनिटं शांतपणे पाळा. जेवणाआधी मनात आभार मानले तरी ते पोचतात. कोणी विचारलं तर मोकळेपणाने सांगा, कोणी न विचारता उपदेश करू नका.

आजारपण, औषधं आणि न मिळालेलं उत्तर

याबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला याकोबाने सांगितलंच आहे. पण विश्वास दाखवायचा म्हणून इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, मनोविकारतज्ज्ञांचं औषध कधीही बंद करू नका आणि कोणाला करायला सांगू नका. प्रेषित पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. औषध थांबवायला लावणारा कोणी प्रचारक भेटला तर त्याच्या सभेला जाणं थांबवा.

आणि उत्तर आलंच नाही तर? पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं मिळालं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तीच विनंती तीनदा केली आणि प्याला टळला नाही. तेव्हा बरं न होणाऱ्या माणसाला "तुझा विश्वास कमी पडला" असं म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. "हे केलंस तर मी ते देईन" अशी बोलीही नको. प्रार्थना कोरडी पडली, आठवडेच्या आठवडे काही जाणवेना, तरी स्तोत्र वाचणं सोडू नका. एकच वचन वाचा, आमेन म्हणा, उठा. फार दिवस झोप नाही, जेवण नाही, जगणंच नको वाटतं, असं झालं तर पाळकांशी किंवा फादरांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा, दोन्ही एकाच आठवड्यात.

पहिला आठवडा

तारखेच्या रीतीने सुरुवात करायची धास्ती वाटत असेल तर पहिला आठवडा असा काढा. सोमवारी १२१वं घ्या, कामाला बाहेर पडणाऱ्यासाठी ते चांगलं: जाताना-येताना राखणारा कोण, ते त्यात आहे. मंगळवारी २३वं, कारण ते पाठ असतं आणि पाठ असलेलं हळू वाचायची सवय लागायला हवी. बुधवारी वर सांगितल्याप्रमाणे १३वं, आपला विषय घालून. गुरुवारी १०३वं, आणि वहीत तीन उपकार लिहून काढा, "आरोग्य, कुटुंब, नोकरी" असे ठोकळ नकोत, त्या दिवशी घडलेले. शुक्रवारी ५१वं. शनिवारी रात्री ४थं, त्याच्या शेवटच्या वचनात निवांत पडून झोपण्याची गोष्ट आहे, ते वाचून दिवा बंद करा. रविवारी चर्चमध्ये किंवा मिस्सात जे स्तोत्र वाचलं जाईल तेच घरी आल्यावर पुन्हा एकदा वाचा, आणि सोमवारी उठल्यावर कॅलेंडरवरची तारीख पाहून पुढे चला.